अपस्मारावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्याच्या तक्रारी कशा टाळाव्यात

अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण काही दिवसांनी वरचेवर उलट्या करू लागला, दिवसभर झोपून राहू लागला किंवा थांबलेले झटके पुन्हा आले, की शस्त्रक्रिया फसली आणि आजार परतला, असेच घरातल्यांना वाटते. पुष्कळदा तेव्हा औषधाचा डोस वाढवण्याची घाई होते. प्रत्यक्षात अशा वेळी आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: डोक्यातील पाणी कुठे साचते आहे किंवा कुठून गळते आहे का, आणि रक्तातील सोडियम घसरले आहे का. या दोन्ही तक्रारी वेळेवर सापडल्या तर बहुधा आटोक्यात येतात. त्या अपस्माराच्या खात्यात टाकल्या गेल्या की मौल्यवान वेळ वाया जातो.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव तयार होत असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. प्रौढ माणसाच्या डोक्यात व मणक्यात मिळून एका वेळी तो सुमारे 150 मिलिलिटर असतो, पण दिवसभरात तयार होतो सुमारे 500 मिलिलिटर. म्हणजे हे पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलते, आणि जितके तयार होते तितकेच मेंदूच्या आवरणांतून रक्तात परत शोषले जावे लागते. शस्त्रक्रियेत सांडलेले रक्त, मेंदूच्या ऊतींचे सूक्ष्म कण आणि त्यांमुळे आलेली सूज यांनी शोषणाच्या वाटा तुंबल्या, की पाणी साचू लागते. आवरण नीट शिवले गेले नाही किंवा आतला दाब वाढला, तर तेच पाणी टाक्यांतून, नाकातून किंवा कानातून बाहेर येते.

कोणत्या शस्त्रक्रियेत कशाची काळजी

सगळ्या शस्त्रक्रियांचा धोका सारखा नसतो, त्यामुळे आपल्या रुग्णाच्या बाबतीत नेमके कशावर लक्ष ठेवायचे हे आधी ठरवावे. मेंदूचा एक संपूर्ण गोलार्ध काढून टाकणाऱ्या किंवा उरलेल्या मेंदूपासून तोडून वेगळा करणाऱ्या शस्त्रक्रियांत, म्हणजे हेमिस्फेरेक्टॉमी आणि हेमिस्फेरोटॉमी यांत, पाणी साचण्याचा म्हणजे हायड्रोसेफॅलसचा धोका सर्वांत जास्त असतो. 690 रुग्णांची माहिती एकत्र करून 2013 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात सुमारे 23 टक्के रुग्णांना हायड्रोसेफॅलससाठी उपचार घ्यावे लागले. गोलार्ध प्रत्यक्ष काढून टाकलेल्यांत आणि पूर्वी मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण अधिक होते. पालकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी या अभ्यासातली गोष्ट म्हणजे काही मुलांना हा त्रास तीन महिने उलटून गेल्यावर आणि क्वचित काही वर्षांनी झाला.

हा धडा वैद्यकशास्त्राला नवा नाही. दक्षिण आफ्रिकेतील शल्यचिकित्सक क्राइनॉ यांनी 1950 साली बारा रुग्णांवरील हेमिस्फेरेक्टॉमीचे उत्साहवर्धक निकाल मांडल्यानंतर ही शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली. पुढे 1960च्या दशकात असे दिसू लागले की चांगल्या झालेल्या काही रुग्णांची प्रकृती अनेक वर्षांनी ढासळते, कारण मोठ्या रिकाम्या पोकळीत वारंवार थोडा थोडा रक्तस्राव होऊन लोहाचे थर बसतात आणि पाणी तुंबते. गोलार्ध जागेवरच ठेवून त्याचे संबंध तोडण्याच्या आजच्या पद्धती बऱ्याच अंशी या अनुभवातून आल्या. त्यांनी धोका कमी झाला, पण संपला नाही.

मेंदूचा कानाजवळचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे टेंपोरल लोबेक्टॉमीत, पाणी साचण्यापेक्षा गळतीकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण कवटी उघडताना कानामागच्या हाडातील हवेच्या पोकळ्या उघड्या पडू शकतात. मेंदूवर विद्युत्‌पट्ट्या ठेवून तपासणी होते तेव्हा तारा जिथून बाहेर येतात तिथून पाझर होऊ शकतो. शरीरातील पाण्याचे प्रमाण सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागात असलेल्या जन्मजात गाठीच्या, म्हणजे हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमाच्या, शस्त्रक्रियेत मात्र खरी चिंता लघवी आणि सोडियम यांची असते.

शस्त्रक्रियेपूर्वी करायची तयारी

शल्यचिकित्सकांच्या भेटीला जाताना चालू औषधांची संपूर्ण यादी डोसासह लिहून न्यावी आणि त्यात अपस्मारासाठी नसलेली औषधेही घालावीत. कार्बामाझेपिन आणि विशेषतः ऑक्सकार्बाझेपिन ही औषधे शस्त्रक्रियेशिवायही सोडियम खाली आणू शकतात, त्यामुळे ती चालू असलेल्या रुग्णाचे मूळचे सोडियम किती आहे हे आधीच माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे. शस्त्रक्रियेनंतर 131 हा आकडा आला आणि आधीचा आकडाच नसला, तर तो घसरलेला की नेहमीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. व्हॅल्प्रोएटमुळे प्लेटलेट्स कमी होऊ शकतात व रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो. सांडलेले रक्तच पुढे पाण्याच्या वाटा तुंबवत असल्याने त्या तपासण्याही आधी व्हाव्यात. मात्र या कारणांसाठी कोणतेही औषध घरच्या घरी बंद करू नये. अचानक थांबवलेल्या औषधाने एकामागून एक झटके येऊ शकतात.

मूल कीटोजेनिक, म्हणजे भरपूर चरबी आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थ असलेल्या, आहारावर असेल तर ते भूलतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगावे. नेहमीच्या सलाईनमधली साखर आणि गोड सिरप यांनी हा आहार मोडतो, त्यामुळे साखरविरहित सलाईन व गोळ्यांच्या स्वरूपातील औषधे यांची व्यवस्था करून रक्तातील साखर ठरावीक वेळाने पाहावी लागते.

तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात मोजून लिहून ठेवावा आणि टाळू बाळ शांत, उभे धरलेले असताना हाताला कशी लागते हेही पाहून ठेवावे. मोठ्या मुलांच्या आणि प्रौढांच्या बाबतीत चालणे, बोलणे, झोपेच्या वेळा व नेहमीची डोकेदुखी यांचे चार ओळींचे टिपण पुरते. नंतर डॉक्टर जेव्हा विचारतात की हा आधीपासून असाच होता का, तेव्हा या चार ओळी उपयोगी पडतात.

भेटीत विचारायचे प्रश्न मोजकेच ठेवावेत: ड्रेन (पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवणार का आणि किती दिवस, सोडियम किती वेळा तपासणार, आवरण बंद करायला काय वापरणार, पहिले स्कॅन कधी, आणि घरी गेल्यावर रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा.

शस्त्रक्रियागृहात

इथे रुग्णाच्या किंवा कुटुंबाच्या हातात फारसे काही नसते. रक्तस्राव काटेकोरपणे थांबवणे, पोकळ्या पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणे, उघड्या पडलेल्या हाडातील हवेच्या पोकळ्या मेणाने बुजवणे, आवरण पाणी न गळेल असे शिवून गरज असल्यास रुग्णाच्याच ऊतीचे ठिगळ लावणे आणि चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात प्रतिजैविक देणे ही शस्त्रक्रियापथकाची कामे आहेत. शस्त्रक्रियेनंतर यांपैकी काय काय करावे लागले हे विचारण्यात संकोच नको. हवेच्या पोकळ्या उघडल्या होत्या का, याचे उत्तर घरी गेल्यावर नाकातून पाणी आल्यास अचानक महत्त्वाचे ठरते.

ड्रेन असेपर्यंत

गोलार्धाच्या शस्त्रक्रियेनंतर पोकळीत एक बारीक नळी ठेवून रक्तमिश्रित पाणी काही दिवस बाहेर काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. खाटेशेजारच्या खांबावर मोजपट्टी लावलेली असते, तिच्यावर ठिबकणारी कुपी आणि खाली पिशवी असते. ही यंत्रणा पूर्णपणे उंचीवर चालते. मोजपट्टीचा शून्य कानाच्या छिद्रासमोरच्या कूर्चेच्या पातळीला लावतात आणि कुपी त्याच्या किती वर ठेवायची हे शल्यचिकित्सक ठरवतात. कुपी खाली आली किंवा रुग्णाचे डोके वर गेले तर पाणी भराभर वाहून जाते. कुपी वर राहिली तर पाणी आतच अडते.

म्हणूनच खाट वरखाली करताना, बाळाला मांडीवर घेताना, कूस बदलताना आणि तपासणीसाठी हलवताना आधी परिचारिकेला बोलावून नळी बंद करून घ्यावी आणि स्थिर झाल्यावर शून्य पुन्हा लावून ती उघडल्याची खात्री करावी. बंद केलेली नळी उघडायची राहून जाणे, ही यातली सर्वांत साधी आणि सर्वांत धोकादायक चूक. नातेवाइकांनी नळीला स्वतः हात लावू नये, पण नळी उघडी आहे ना, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या परिचारिकेला या प्रश्नाचा राग येत नाही. मूल अचानक उठून बसले तर पोकळीतले पाणी एकदम उपसले जाऊन मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरा ताणल्या जातात आणि कवटी व मेंदू यांच्यामध्ये रक्त किंवा पाणी साचू शकते. त्यामुळे चळवळ्या मुलाजवळ जागे माणूस असलेच पाहिजे.

दर तासाला किती पाणी आले आणि त्याचा रंग कसा होता याची नोंद होत असते. पहिल्या दिवशीचा लाल रंग हळूहळू फिका, मग पिवळसर होत जाणे अपेक्षित आहे. फिका झालेला रंग पुन्हा लाल झाला, पाणी गढूळ दिसू लागले किंवा वाहते पाणी एकाएकी थांबून मूल सुस्तावले, तर पुढच्या नोंदीची वाट पाहू नये. नळी गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवणेही योग्य नाही, कारण जितके दिवस वाढतात तितका संसर्गाचा धोका वाढतो.

या काळात ताप येणे फार सामान्य आहे. पाण्यात मिसळलेल्या रक्तामुळे मेंदूच्या आवरणांना जंतूंशिवायही दाह होतो आणि मूल एक-दोन आठवडे तापाने चिडचिडे राहू शकते. तरीही ताप रक्तामुळेच आहे असे गृहीत धरणे योग्य नव्हे, कारण जंतुसंसर्गाचा तापही असाच दिसतो आणि दोहोंतला फरक पाण्याच्या तपासणीशिवाय कळत नाही.

सलाईन, लघवी आणि सोडियम

हा भाग रुग्णालयांबाहेर फारसा समजावून सांगितला जात नाही, म्हणून इथे थोडे रेंगाळणे गरजेचे आहे. रक्तातील सोडियम साधारणपणे 135 ते 145 मिलिमोल प्रति लिटर असते. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना, मळमळ आणि मेंदूला झालेली इजा यांमुळे शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक जास्त सोडते. मूत्रपिंड पाणी बाहेर टाकत नाही, रक्त पातळ होते आणि सोडियम घसरते. पातळ रक्तातील पाणी मेंदूच्या पेशींत शिरते, पेशी फुगतात, आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या मेंदूत ती सूज व त्यातून येणारा झटका दोन्ही घातक ठरू शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचा झटका पाहिल्यावर औषधाच्या रक्तपातळीबरोबर सोडियम मागवणे हा नियमच समजावा.

टाळण्याचा मार्ग साधा आहे. शिरेतून दिले जाणारे सलाईन रक्ताइतक्याच खारटपणाचे, म्हणजे 0.9 टक्के मिठाचे किंवा तत्सम असावे. नुसते साखरेचे पाणी असलेले सलाईन शरीरात गेल्यावर साखर वापरली जाते आणि उरते ते निव्वळ पाणी. तोंडाने घेणे सुरू झाल्यावरही अशक्तपणा जावा म्हणून भरपूर पाणी पाजण्याचा आग्रह नको. तहान लागेल तितके आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत इतकेच पाणी द्यावे. आत गेलेले आणि बाहेर आलेले, म्हणजे सलाईन, पेय, लघवी, उलटी आणि ड्रेनचे पाणी, सगळे एकाच कागदावर लिहिले गेले पाहिजे. ड्रेनमधून वाहणाऱ्या पाण्याबरोबर मीठही जाते, आणि लहान मुलात ही तूट पाहता पाहता मोठी होते.

घसरलेल्या सोडियमची दोन कारणे बाहेरून अगदी सारखी दिसतात, पण त्यांचे उपचार उलट आहेत. पाणी धरून ठेवल्यामुळे सोडियम उतरले असेल तर पाणी कमी करतात. मूत्रपिंडातून मीठच वाहून जात असेल तर रुग्ण कोरडा पडत असतो आणि त्याला मीठ व पाणी दोन्ही द्यावे लागते. अशा रुग्णाचे पाणी तोडले तर त्याची प्रकृती आणखी बिघडते. वजन, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण यांवरून डॉक्टर हा भेद करतात, म्हणून रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर घेतलेले वजन क्षुल्लक समजू नये. सोडियम बरेच दिवस खाली असेल तर ते घाईने वर आणणेही धोक्याचे असते. 24 तासांत 8 ते 10 मिलिमोलपेक्षा जास्त वाढ झाल्यास मेंदूच्या खोलवरच्या भागाला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे दर काही तासांनी रक्त घेतले जात असेल तर कुरकुर करू नये.

हायपोथॅलॅमसजवळच्या शस्त्रक्रियेत चित्र उलट सुरू होऊ शकते. लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि भरमसाट होऊ लागते, तहान भागत नाही आणि सोडियम वर चढते. काही रुग्णांत हे चार-पाच दिवस चालून मग एकदम थांबते आणि पुढच्या आठवड्यात सोडियम कोसळते. लघवी आटोक्यात आली म्हणून निर्धास्त होऊन घरी गेलेल्या रुग्णाला नेमके या दुसऱ्या टप्प्यात गाठले जाते. अशा शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना पुढच्या आठवड्याभरातील रक्ततपासण्यांच्या तारखा लेखी घ्याव्यात.

जखम, उशी आणि नाक

डोक्याची बाजू सुमारे 30 अंशांनी उंच ठेवणे, जखम कोरडी ठेवणे आणि डोक्यातील दाब एकदम वाढेल असे काही न करणे, ही गळती टाळण्याची तीन मुख्य कामे. शौचाला जोर लावल्याने दाब वाढतो आणि वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून शौच मऊ करणारे औषध पहिल्यापासून मागून घ्यावे. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. नाक जोरात शिंकरणे, वाकून वस्तू उचलणे आणि पाच किलोच्या आसपासचे ओझे उचलणे शल्यचिकित्सक परवानगी देईपर्यंत टाळावे. विमानप्रवास आणि पोहणे यांविषयी त्यांना वेगळे विचारावे.

सकाळी उशीचा अभ्रा पाहण्याची सवय लावावी. टाक्यांतून येणारा पाझर कधी कधी फक्त उशीवर दिसतो: मध्ये फिकट गुलाबी डाग आणि भोवती ओलसर, जवळजवळ रंगहीन कडे. असा डाग गळतीची शंका घेण्यास पुरेसा आहे, पण पुरावा नाही, कारण अश्रू किंवा नाकातील स्राव रक्तात मिसळूनही तसेच कडे उमटते. टेंपोरल शस्त्रक्रियेनंतर पाणी कानामागच्या पोकळ्यांतून घशाकडे उतरून नाकातून येऊ शकते. पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी ठिबकले किंवा घशात सतत खारट चव येत राहिली, तर ती सर्दी समजून थेंब घालत बसू नये. ते पाणी स्वच्छ बाटलीत गोळा करून त्यात बीटा-2 ट्रान्सफेरिन हे सीएसएफची ओळख पटवणारे प्रथिन आहे का, हे प्रयोगशाळेत पाहता येते. साखर मोजण्याच्या पट्टीवर विसंबणे चुकीचे आहे. गळतीची वाट म्हणजे जंतूंना मेंदूच्या आवरणापर्यंत जायची वाट, त्यामुळे अशा वेळी उद्यावर ढकलण्यासारखे काही नसते.

टाक्यांखाली मऊ, पाण्याने भरल्यासारखा फुगवटा येणे तुलनेने सामान्य आहे आणि तो बहुधा आपोआप ओसरतो. तो दररोज एकाच वेळी, एकाच कोनातून फोटो काढून पाहावा, म्हणजे वाढतो की घटतो हे वादातीत कळते. दाबून पाहणे, शेकणे किंवा कुणाकडून सुईने पाणी काढून घेणे पूर्णपणे वर्ज्य आहे. फुगवटा ताणलेला, लाल, गरम झाला किंवा त्यावरची त्वचा चमकू लागली तर त्याच दिवशी दाखवावे, कारण वाढता फुगवटा हे पुष्कळदा आत पाणी तुंबल्याचे पहिले चिन्ह असते.

घरी गेल्यावर आणि पुढची वर्षे

बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर उतरणारी डोकेदुखी पाणी कमी पडत असल्याची शंका निर्माण करते. पहाटे किंवा आडवे असताना वाढणारी, उलटीनंतर थोडी हलकी वाटणारी डोकेदुखी पाणी वाढल्याकडे बोट दाखवते. तान्ह्या बाळात टाळू ताठ व फुगलेली राहणे, नजर खाली वळलेली दिसणे, दूध ओढायला कंटाळणे आणि डोक्याचा घेर वाढणे यांवर लक्ष ठेवावे. पहिल्या तीन महिन्यांत डोके महिन्याला साधारण 2 सेंटिमीटर, पुढच्या तीन महिन्यांत 1 सेंटिमीटर आणि त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढते. मोजमाप आठवड्यातून एकदा, त्याच टेपने, भुवयांच्या वरून व डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्यावे आणि वाढीच्या तक्त्यावर मांडावे.

मोठ्या मुलात आणि प्रौढात बदल इतका ठळक नसतो. शाळेत लक्ष न लागणे, दुपारी नको इतकी झोप, चालताना तोल जाणे, पूर्वी जमणारे काम न जमणे आणि महिनोन्‌महिने बंद असलेले झटके परत येणे, यांतली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी समजावून सांगता येते, आणि धोका नेमका तिथेच असतो. गोलार्धाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलात अशी दोन लक्षणे एकत्र दिसली तर औषध बदलण्यापूर्वी स्कॅनची मागणी करावी. नियमित स्कॅनचे वेळापत्रक केंद्रानुसार बदलते, पण पहिली दोन वर्षे दक्षता सर्वाधिक असावी आणि नंतरही लक्षण दिसताच जुन्या स्कॅनशी तुलना व्हावी. त्यासाठी स्कॅनच्या मूळ फाइल घरी जपून ठेवाव्यात, नुसता छापील अहवाल पुरत नाही.

पाणी तात्पुरते कमी करण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड दिले जाते तेव्हा रुग्ण टोपिरामेट किंवा झोनिसामाइड घेत असल्यास डॉक्टरांना आठवण करून द्यावी, कारण ही औषधे एकत्र आल्यास रक्तातील आम्लता वाढण्याचा आणि मूतखड्यांचा धोका असतो. पाणी साचतच राहिले तर शंट बसवतात, म्हणजे मेंदूतील पाणी त्वचेखालून पोटात नेणारी नळी. शंट हा उपाय आहे, पण त्याच्याही देखभालीचा भाग कुटुंबाकडे येतो: तो कधीही तुंबू शकतो, आणि तुंबल्याची लक्षणे वर सांगितलेल्या पाणी वाढण्याच्या लक्षणांसारखीच असतात.

ज्यांच्या शंटची झडप बाहेरून चुंबकाने जुळवता येते त्यांनी झडपेचे नाव आणि सध्याचा अंक यांचे कार्ड सतत जवळ ठेवावे आणि प्रत्येक एमआरआयनंतर तो अंक पुन्हा तपासून घ्यावा. अशा रुग्णाला व्हेगस मज्जातंतू उत्तेजकही (झटके कमी करण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवलेले विद्युत उपकरण) बसवलेला असेल, तर झटका आल्यावर छातीवर फिरवायचे चुंबक झडपेजवळ जाणार नाही हे घरातल्या प्रत्येकाला आणि शाळेतल्या शिक्षकांना दाखवून ठेवावे, आणि चुंबक कानामागून किंवा मानेजवळून नेऊ नये. चुकून गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता झडपेचा अंक तपासून घ्यावा.